न्कोमाती करारानंतरची रसद : मोझांबिकमधील रेनामो आणि तिचे परदेशी पाठीराखे

१६ मार्च १९८४ रोजी मोझांबिक आणि दक्षिण आफ्रिका यांच्या सरहद्दीवर, कोमाती नदीच्या काठी, मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान पी. डब्ल्यू. बोथा यांनी एका करारावर सह्या केल्या. दुसऱ्या देशाविरुद्ध लढणाऱ्या कोणत्याही गटाला आपल्या भूमीवर थारा द्यायचा नाही, तळ उभारू द्यायचे नाहीत, शस्त्रे व प्रशिक्षण पुरवायचे नाही आणि त्यांचा रेडिओ चालू द्यायचा नाही, असे दोघांनीही लिहून दिले. रेनामो ही बंडखोर संघटना तोपर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या रसदीवर उभी होती, त्यामुळे रसद थांबली की युद्धही विझेल, असा हिशेब मोझांबिकची राजधानी मापुटो येथे मांडला गेला. प्रत्यक्षात युद्ध आणखी साडेआठ वर्षे चालले आणि त्यातील सर्वांत भीषण काळ करारानंतरचा होता. तो हिशेब कुठे चुकला, याचा हा अभ्यास आहे. यात केवळ सार्वजनिक पदांवरील आणि जाहीर नोंदींतील व्यक्तींची नावे दिली आहेत. तळावरचे लोक, मधले अधिकारी आणि साक्षीदार निनावी ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

मोझांबिक २५ जून १९७५ रोजी पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला आणि सत्ता फ्रेलिमो या मुक्तिसंघटनेच्या हाती आली. पोर्तुगीज वसाहतकारांपैकी बहुतेक जण देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर कारागीर, यंत्रचालक, व्यापारी व कारकूनही गेले. नवे सरकार अजून सावरत होते, तोच मार्च १९७६ मध्ये त्याने शेजारच्या ऱ्होडेशियाशी (आजच्या झिंबाब्वेशी) असलेली सरहद्द बंद करून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागू केले. बंदरे व रेल्वे यांच्या वाहतुकीतून येणाऱ्या मोठ्या उत्पन्नावर त्यामुळे पाणी सोडावे लागले. झिंबाब्वेच्या मुक्तिसैनिकांना तळही मोझांबिकमध्येच मिळाले होते.

ऱ्होडेशियाच्या गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख केन फ्लॉवर यांनी याला दिलेल्या उत्तरातून रेनामो जन्माला आली. आधी फ्रेलिमोविरोधी रेडिओ केंद्र सुरू झाले आणि मग त्या आवाजामागे उभी करण्यासाठी माणसे गोळा केली गेली. वसाहतकाळातील सैन्यात असलेले, फ्रेलिमोवर नाराज असलेले आणि फ्रेलिमोच्या ‘पुनर्शिक्षण छावण्यां’तून पळालेले लोक त्यात होते. पहिला नेता आन्द्रे मात्सांगाइसा अशाच एका छावणीतून निसटून ऱ्होडेशियात पोहोचला होता. मुक्तिसैनिकांच्या हालचालींची खबर आणणे आणि मोझांबिकला त्रास देणे एवढेच त्यांचे काम होते. ऑक्टोबर १९७९ मध्ये मात्सांगाइसा मध्य मोझांबिकमधील गोरोंगोझा परिसरातील लढाईत मारला गेला आणि नेतृत्व अफोन्सो धलाकामा याच्याकडे आले.

डिसेंबर १९७९ च्या लँकेस्टर हाउस करारानंतर ऱ्होडेशियाची गोऱ्यांची राजवट संपणार हे निश्चित झाले. त्याच वेळी रेनामोही संपू शकली असती. पण १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र होण्याच्या आधीच्या आठवड्यांत ही माणसे, त्यांचे साहित्य आणि रेडिओ केंद्र दक्षिण आफ्रिकेत हलवले गेले. फालाबोर्वा येथे नवा तळ उभा राहिला आणि दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाने संघटना ताब्यात घेतली.

पाठीराखा बदलला तसा हेतूही बदलला, आणि पुढचे सगळे समजण्यासाठी हा बदल नीट पाहायला हवा. दक्षिण आफ्रिकेला दोन गोष्टी हव्या होत्या. वर्णभेदी राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला मोझांबिकमध्ये मिळणारा आसरा तोडणे ही पहिली. दुसरी नकाशाकडे पाहिल्यावर कळते. झिंबाब्वे, झांबिया आणि मलावी या समुद्र नसलेल्या देशांना जवळची बंदरे होती बैरा, नाकाला आणि मापुटो, म्हणजे मोझांबिकची. १९८० मध्ये लुसाका येथे या भागातील देशांनी दक्षिण आफ्रिकेवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी एकत्र येण्याचे ठरवले आणि ही बंदरे व तेथपर्यंतचे लोहमार्ग त्या योजनेचा कणा ठरले. ते तुटले की माल मुकाट्याने दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांकडे वळणार होता. म्हणून रेनामोने मापुटो जिंकण्याची गरजच नव्हती. रूळ उखडणे, पूल पाडणे, ट्रक जाळणे, दुकाने, शाळा व दवाखाने बंद पाडणे एवढे पुरेसे होते. काहोरा बासा धरणाची वीज दक्षिण आफ्रिकेलाच विकली जात होती, तरी त्या वाहिनीचे मनोरेही सतत पाडले गेले. वीज घेणाऱ्या देशानेच पोसलेल्या हातांनी हे व्हावे, यावरून या धोरणात शेजाऱ्याचे नुकसान किती वरच्या क्रमांकावर होते ते दिसते.

समस्या

१९८३ पर्यंत रेनामो देशाच्या बहुतेक प्रांतांत पोहोचली होती. विमानातून हवाई छत्र्यांनी आणि समुद्रमार्गे तिला शस्त्रे, औषधे व दारूगोळा मिळत होता. मला त्याहूनही महत्त्वाची वाटते ती तिला मिळालेली संदेशयंत्रणा. जंगलात विखुरलेल्या तुकड्या रेडिओवरून मुख्य तळाशी जोडलेल्या होत्या, आदेश वरून खाली जात आणि अहवाल खालून वर येत. गरीब देशातील बंडखोर संघटनांकडे अशी शिस्तबद्ध साखळी क्वचितच असते. दुसऱ्या बाजूला सरकारी सैन्य होते. त्याची उभारणी सोव्हिएत मदतीने, जड शस्त्रांच्या पारंपरिक युद्धासाठी झाली होती, आणि जंगलातील पाठलाग त्याला जमत नव्हता. त्यातच दुष्काळ पडला. धान्याचे ट्रक रस्त्यांवर जाळले जात असल्यामुळे दुष्काळाचे रूपांतर उपासमारीत झाले.

मात्र रेनामो केवळ बाहेरून आली होती असे म्हटले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. फ्रेलिमोने विखुरलेल्या वाड्यावस्त्यांतील शेतकऱ्यांना ‘सामुदायिक गावां’त आणून वसवले आणि अनेक ठिकाणी त्यासाठी बळाचा वापर केला. परंपरेने चालत आलेल्या गावप्रमुखांचे अधिकार काढून घेतले, धर्माचरणावर बंधने आणली आणि १९८३ मध्ये ‘उत्पादन मोहीम’ या नावाखाली शहरांतील बेरोजगार ठरवलेल्या लोकांना उचलून दूरच्या निआसा प्रांतात पाठवले. उत्तरेकडील नांपुला प्रांतात नंतर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की डावललेले काही गावप्रमुख आपल्या सगळ्या लोकांसह रेनामोच्या आश्रयाला गेले होते. त्याच वेळी, विशेषतः दक्षिणेत, रेनामो मुलांना पळवून सैनिक बनवत होती आणि गावकऱ्यांचे कान व नाक कापत होती. ही दोन्ही वर्णने खरी आहेत, आणि कोणतेही एक निवडले की युद्धाचा अर्धा भाग नजरेआड होतो.

सरकारने एक निवडले. अधिकृत भाषेत रेनामो म्हणजे ‘सशस्त्र डाकू’. डाकूंशी वाटाघाटी होत नाहीत आणि डाकूंना पाठिंबाही नसतो, त्यामुळे गावांत खरोखर काय चालले आहे हे विचारण्याची वाट या शब्दाने बंद करून टाकली.

विचारात घेतलेले पर्याय

१९८३ च्या अखेरीस मापुटोसमोर तीन वाटा होत्या.

लष्करी वाट आधीपासून चालूच होती. बैरा बंदराचा लोहमार्ग आणि तेलवाहिनी राखण्यासाठी झिंबाब्वेने आपले सैन्य पाठवले होते, पण ते राखणार ती वाहतुकीची पट्टी, संपूर्ण ग्रामीण देश नव्हे. सोव्हिएत संघाकडून शस्त्रे मिळत होती. परंतु समाजवादी देशांच्या आर्थिक परिषदेत प्रवेश मिळावा, ही मोझांबिकची विनंती १९८१ मध्येच नाकारली गेली होती. उपाशी देशाला त्या गटाकडून अन्न आणि पैसा पुरेसा मिळणार नाही, हे स्पष्ट झाले होते.

दुसरी वाट थेट रेनामोशी बोलण्याची. ती गंभीरपणे विचारात घेतली गेलीच नाही, आणि त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेने बनवलेल्या संघटनेला मान्यता देणे म्हणजे त्या देशाच्या हस्तक्षेपालाच राजकीय पक्षाचा दर्जा देणे होते. शिवाय रेनामोकडे तेव्हा सांगण्यासारखा राजकीय कार्यक्रमही फारसा नव्हता.

तिसरी वाट पाठीराख्याशीच सौदा करण्याची. तिच्यात कटुता होती, कारण बदल्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला दूर करावे लागणार होते आणि वर्णभेदी राजवटीशी हस्तांदोलन करावे लागणार होते. पण सूत्र ज्याच्या हाती त्याच्याशी बोलावे, हा तर्क सरळ होता, आणि पाश्चात्त्य देशांकडून मदत व कर्ज मिळण्याची दारेही त्यातून उघडणार होती. माशेल यांनी ही वाट धरली. त्या क्षणी त्यांच्या हातात जे होते ते पाहता हा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चूक झाली ती त्याच्या रचनेत.

केलेली कृती

मोझांबिकने आपली बाजू पाळली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या शेकडो लोकांना देश सोडावा लागला आणि मापुटोत तिचे फक्त दहा जणांचे राजनैतिक कार्यालय उरले. ज्यांनी स्वतःच्या मुक्तिलढ्यात शेजाऱ्यांचा आसरा घेतला होता, त्यांच्यासाठी हे सोपे नव्हते.

दक्षिण आफ्रिकेने सहीच्या आधीच रेनामोला पुढचे काही महिने पुरेल एवढा साठा पोहोचवला होता. कराराने संयुक्त सुरक्षा आयोग नेमला, पण त्यात बसणारे अधिकारी त्याच दोन देशांचे होते. विमानांच्या उड्डाणांची नोंद तपासणारा, धावपट्ट्यांवर जाऊन पाहणारा, पकडलेल्या साठ्याचा माग काढणारा कोणी तिसरा नव्हता. त्यामुळे करार मोडला जात असल्याचा संशय आला, तरी तो सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर हल्ले होत होते त्याच्याच खांद्यावर राहिला.

ऑक्टोबर १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री पिक बोथा यांच्या मध्यस्थीने प्रिटोरियात फ्रेलिमो व रेनामो यांच्या प्रतिनिधींची बोलणी झाली, एक घोषणापत्रही निघाले. पण रेनामो बाहेर पडली आणि तो प्रयत्न कोसळला.

पुरावा मिळाला तो रणांगणावर. २८ ऑगस्ट १९८५ रोजी झिंबाब्वे आणि मोझांबिकच्या सैन्याने गोरोंगोझातील कासा बनाना हा रेनामोचा मुख्य तळ घेतला. तेथे सापडलेल्या कागदपत्रांत धलाकामाच्या एका सहकाऱ्याने लिहिलेल्या दैनंदिन नोंदी होत्या. करारानंतरही साहित्य येत राहिले, धावपट्टी तयार करून दिली गेली, आणि दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्र उपमंत्री लुई नेल स्वतः या तळावर येऊन गेले, हे त्यातून उघड झाले. लष्करातील वरिष्ठ अधिकारी स्वतःच्याच परराष्ट्र खात्याकडे किती अविश्वासाने पाहत होते, तेही त्या नोंदींत होते. माशेल यांच्या सरकारने ही कागदपत्रे जाहीर केली. पिक बोथा यांनी ‘तांत्रिक उल्लंघने’ झाल्याचे मान्य केले आणि त्यापलीकडे त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेला मोजावी लागली नाही.

या नोंदींतून मिळणारी सर्वांत मोठी माहिती माझ्या दृष्टीने शस्त्रांची नाही. माशेल यांनी ‘दक्षिण आफ्रिका’ या एका पक्षाशी करार केला असे मानले होते. पलीकडे किमान दोन पक्ष होते. ज्यांनी वाटाघाटी केल्या त्यांचा रसदीवर ताबा नव्हता, आणि ज्यांच्या ताब्यात विमाने होती त्यांनी करार मनापासून स्वीकारला नव्हता.

पुढचा निर्णायक क्षण मलावीचा. रेनामोच्या तुकड्या मलावीच्या भूमीवरून ये-जा करत होत्या. सप्टेंबर १९८६ मध्ये माशेल, झिंबाब्वेचे पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे आणि झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी मलावीचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांना भेटून यावर कडक शब्दांत बजावले. दबावाचा उपयोग झाला, बांडा यांनी या तुकड्यांना बाहेर काढले. पण त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली नाहीत आणि त्यांना जायला एकच दिशा होती. मोठ्या संख्येने बंडखोर मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतात शिरले आणि काही आठवड्यांत अनेक गावे-शहरे त्यांच्या हाती गेली. दरम्यान १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नवे अध्यक्ष जोआकिम शिसानो यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात मलावीशी सुरक्षा करार केला. पुढे मलावीचे सैनिक नाकाला लोहमार्गाच्या रक्षणाला आले, म्हणजे कालपर्यंत बंडखोरांना वाट देणारा देश त्यांच्याविरुद्ध उभा राहिला.

जुलै १९८७ मध्ये दक्षिण मोझांबिकमधील होमोइने येथे चारशेहून अधिक लोकांची हत्या झाली. रुग्णालयातील रुग्णही त्यातून सुटले नाहीत. एप्रिल १९८८ मध्ये रॉबर्ट गेरसोनी यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यासाठी केलेला अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी अनेक देशांत पसरलेल्या निर्वासितांच्या आणि विस्थापितांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या होत्या. रेनामोच्या हातून सुमारे एक लाख नागरिक मारले गेले असावेत, असा अंदाज त्यांनी मांडला. गावांवर लादलेली धान्याची वसुली, सक्तीची हमाली आणि स्त्रियांवरील अत्याचार यांची चौकट त्यांनी या साक्षींवरून उभी केली. अमेरिकेत रेनामोला अंगोलातील युनिटा या बंडखोर संघटनेप्रमाणे मदत द्यावी असे म्हणणारा एक गट होता. या अहवालानंतर त्याच्या मागणीत जोर उरला नाही. एक नवा पाठीराखा मिळण्याची शक्यता साक्षीदारांच्या शब्दांनी बंद झाली, आणि या सबंध प्रकरणात सामान्य माणसांच्या बोलण्याचा धोरणावर एवढा थेट परिणाम झाल्याचे हे मला एकमेव ठळक उदाहरण दिसते.

सप्टेंबर १९८८ मध्ये शिसानो आणि पी. डब्ल्यू. बोथा यांची सोंगो येथे, काहोरा बासा धरणाजवळ, भेट झाली आणि न्कोमाती कराराला पुन्हा उजाळा दिला गेला. त्यानंतर, आणि विशेषतः १९८९ मध्ये एफ. डब्ल्यू. डी क्लर्क सत्तेवर आल्यावर, दक्षिण आफ्रिकेची सरकारी मदत आटत गेली. रेनामो तरीही कोसळली नाही. तिच्याकडे आता सरकारी सैन्याकडून हस्तगत केलेली शस्त्रे होती, ताब्यातील प्रदेश होता, आणि पोट भरण्यासाठी त्या प्रदेशातील शेतकरी होते. बाहेरून येणारे कमी झाले तसा भार गावांवर वाढला.

दिशा बदलली ती वेगळ्या दारातून. बैराचे आर्चबिशप जायमे गोन्साल्वेस यांनी १९८८ मध्ये धलाकामाची भेट घेतली. फ्रेलिमोने १९८९ च्या अधिवेशनात मार्क्सवादी-लेनिनवादी हे बिरूद सोडले आणि १९९० च्या राज्यघटनेने अनेक पक्षांना मोकळीक दिली. जुलै १९९० पासून रोममध्ये संत एजिदिओ या कॅथलिक संस्थेच्या वास्तूत बोलणी सुरू झाली. आन्द्रेआ रिकार्दी, मातेओ झुप्पी, इटलीचे राजकारणी मारिओ राफाएली आणि गोन्साल्वेस हे मध्यस्थ होते. दोन वर्षांहून अधिक काळ फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. १९९२ च्या भीषण दुष्काळाने दोन्ही सैन्यांची शिदोरीच संपवली. आणि ४ ऑक्टोबर १९९२ रोजी शिसानो व धलाकामा यांनी शांतता करारावर सह्या केल्या.

परिणाम

युद्धात व युद्धाने आणलेल्या उपासमारीत आणि रोगराईत सुमारे दहा लाख माणसे गेली, असे सामान्यतः मानले जाते. सतरा लाखांच्या आसपास लोक शेजारच्या देशांत निर्वासित झाले होते.

या वेळी देखरेखीची तरतूद केली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर केलेल्या शांतिमोहिमेत हजारो सैनिक होते आणि आल्दो आयेल्लो तिचे प्रमुख होते. त्याच वर्षी अंगोलात अवघ्या काही शे लष्करी निरीक्षकांवर भागवले गेले होते आणि निवडणुकीनंतर तेथे पुन्हा युद्ध पेटले होते. तो धडा ताजा होता. रेनामोला पक्ष म्हणून उभे राहता यावे यासाठी देणगीदार देशांनी खास निधी दिला. ज्या संघटनेने इतके गुन्हे केले तिला पैसा द्यायचा, हे पचायला जड आहे. तरीही जंगलातील रसदीची जागा शहरातील कार्यालयाने घेतल्याशिवाय तिचे नेते बाहेर आले नसते.

शस्त्रसंधी मोठ्या प्रमाणावर टिकली, याचे एक कारण मला त्या रेडिओ साखळीत दिसते. युद्ध चालवण्यासाठी पाठीराख्याने दिलेल्या यंत्रणेवरूनच थांबण्याचा आदेश दूरच्या तुकड्यांपर्यंत गेला आणि पाळला गेला. ऑक्टोबर १९९४ च्या निवडणुकीत शिसानो यांना सुमारे ५३ टक्के आणि धलाकामा यांना सुमारे ३४ टक्के मते मिळाली. २५० जागांच्या संसदेत रेनामोने ११२ जागा जिंकल्या. बाहेरून बनवलेल्या संघटनेला देशातून एवढी मते पडली, ही गोष्ट ‘सशस्त्र डाकू’ या वर्णनात कुठेच बसत नव्हती.

काय वेगळे करता आले असते

न्कोमाती करारात तिसऱ्या पक्षाची तपासणी मागता आली असती. दक्षिण आफ्रिका ती मान्य करती का, हा प्रश्न आहे. पण नकार मिळाला असता तर निदान तो नकारच पुरावा ठरला असता आणि दीड वर्ष, एक तळ जिंकेपर्यंत, थांबावे लागले नसते. शिवाय मोझांबिकने आपली सवलत एकदम देऊन टाकली. ती टप्प्याटप्प्याने, समोरच्या बाजूच्या कृतीशी जोडून देता आली असती.

मलावीकडे फक्त हकालपट्टी मागितली गेली. शस्त्रे सरहद्दीवर काढून घेण्याची आणि माणसांना एका ठिकाणी ठेवण्याची मागणी त्याच बैठकीत व्हायला हवी होती. आश्रय देणाऱ्या देशावर दबाव आणताना बाहेर पडणारे लोक कुठे जाणार हे आधी ठरले नसेल, तर तो दबाव युद्धाला नव्या प्रांतात ढकलतो, आणि झांबेझियाच्या गावांनी ते सोसले.

सर्वांत अवघड मुद्दा रेनामोशी आधी बोलण्याचा. १९८४ मध्ये ते शक्य होते असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण सामुदायिक गावांची सक्ती थांबवणे, गावप्रमुखांना मान देणे, उपासनेची मोकळीक देणे यासाठी रेनामोला मान्यता देण्याची गरज नव्हती. हे निर्णय पुढे घेतले गेलेच, फक्त फार उशिरा. ते पाठीराख्याशी चाललेल्या सौद्याबरोबरच घेतले असते, तर रसद आटल्यावर रेनामोला जमिनीत धरून ठेवणारी मुळे निदान काही भागांत तरी सैल झाली असती.

ती मुळे किती खोल होती हे पुढच्या वर्षांनी दाखवले. २०१३ मध्ये रेनामो आणि सरकारी दले यांच्यात पुन्हा चकमकी सुरू झाल्या, आणि या वेळी मागे ना ऱ्होडेशिया होता ना वर्णभेदी दक्षिण आफ्रिका. धलाकामा २०१८ मध्ये गोरोंगोझाच्या डोंगराळ भागातच मरण पावला. ऑगस्ट २०१९ मध्ये मापुटोत नवा करार झाला, आणि पाच हजारांहून अधिक लढवय्यांची नोंद करून त्यांची शस्त्रे घेण्याचे काम सुरू झाले. संघटनेचा शेवटचा तळ जून २०२३ मध्ये बंद झाला. तो होता गोरोंगोझा जिल्ह्यातील वुंदुझी येथे. आणि शेवटपर्यंत रेंगाळलेला मुद्दा होता तेथून खाली उतरणाऱ्या, आता केस पांढरे झालेल्या माणसांच्या निवृत्तिवेतनाचा.